चोवीस लाकडी अंडी

शनिवारी दुपारी साडेतीनला संयोगिता शिरोली एमआयडीसीत ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणाऱ्या एका पॅटर्न शॉपच्या दारात उभी राहिली आणि आतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडूनच म्हणाली, "पावणं, चोवीस अंडी पायजेत!"

आतल्या माणसानं, मल्लेशनं, मशीन बंद केलं. कानावरची पेन्सिल सारखी केली. भुवयांवर लाकडाचा भुसा, शर्टावर भुसा, आणि चेहरा असा, की याच्याकडे आजवर कुणी काही मागितलेलंच नाही.

"अंडी समोरच्या गाड्यावर मिळतात की. बुर्जी पण करून देतोय तो."

"लाकडाची पायजेत."

"लाकडाची...?"

"व्हय. तुमी लाकडाचं कायबी घडवता म्हणं. न्हाय जमत तर सांगा, दुसरीकडं जाते."

आता असं म्हटल्यावर कुठला कारागीर गप्प बसेल? मल्लेशनं स्टूल पुढे सरकवलं. तिनं पर्समधून पोळीभाजीचा डबा काढून उघडला. आत कापसाच्या गादीवर एकच अंडं, पांढरंशुभ्र. त्यानं हात पँटला पुसले, परत पुसले आणि मगच ते उचललं. एवढा मोठा हात, आणि धरलं मात्र असं अलगद... संयोगिता बघतच राहिली. मग स्वतःवरच चिडली आणि जास्तच जोरात बोलायला लागली.

"कबुतराचं हाय. आमची ढाबळ हाय जुन्या बुधवारात, गच्चीवर. बारा जोडपी. आबांची, माझ्या वडलांची. आता मीच बघते."

"मग खरी अंडी असताना लाकडाची कशाला?"

"घार वर्षातनं एकदा घर मांडती. चिमणी दोनदा, तीनदा. खरं कबुतराला काळवेळच न्हाय. दाणापाणी मिळालं की बारा महिने अंडी. पयली पिल्लं उडायच्या आत दुसरी दोन तयार. मादी पार वाळून जाती. अंडी नुसती काढून घेतली, तर आठ-दहा दिवसांत परत घालती. म्हणून खरी काढायची आन खोटी ठेवायची. अठरा-वीस दिवस बसतात, कंटाळतात, उठतात. तेवढाच तिच्या जिवाला विसावा."

"म्हणजे फसवायचं."

"विसावा म्हणाले मी." संयोगितानं डोळे वटारले. "दुकानात प्लास्टिकची मिळतात. हलकी असतात, पाखरं ढकलून देतात. फसवायचंच असतं तर तेवढ्यावर भागवलं असतं."

मल्लेश हसला. हसताना भुवयांवरचा भुसा खाली पडला. त्यानं व्हर्नियर लावून अंड्याचं माप घेतलं, दोनदा घेतलं, कागदावर लिहिलं आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी या."

घरी येईपर्यंत संयोगिताला तो कागदावर लिहिणारा हातच दिसत होता. कमालच म्हणायची! दूध संघाच्या लॅबमध्ये दिवसभर फॅट आणि डिग्री मोजणारी पोरगी ही, चार स्थळांना तोंडावर नकार देऊन मोकळी झालेली. तिला एका भुसकटानं माखलेल्या माणसाचा हात आठवावा?

चार स्थळांना नकार कशापायी, तर कबुतरांपायी. पाळलेलं कबुतर जिथं जन्मलं, जिथून पहिल्यांदा उडालं, तेच त्याचं घर. त्याला नेऊन दुसऱ्या गच्चीवर सोडा, दार उघडलं की ते जुन्या घरी परत. म्हणजे नवरीला लुगडी नेता येतात, भांडी नेता येतात, ढाबळ काही नेता येत नाही. आणि संयोगिता सगळ्यांना एकच सांगायची, "जिथं माझी पाखरं न्हाईत तिथं मी न्हाई."

पण आबांचं, म्हणजे हंबीररावांचं, दुखणं वेगळं होतं. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा पाय कायमचा जड झाला. गच्चीच्या एकोणीस पायऱ्या त्यांना परक्या झाल्या. अंगणात खुर्ची टाकून दिवसभर आभाळाकडे बघत बसायचे. पोरीच्या जिवाला हा घोर नको म्हणून त्यांनी एक दिवस ठरवूनच टाकलं.

"कागलचे पावणे उत्तराची वाट बघत्यात. मुलगा चांगला हाय. ढाबळ मी तुझ्या चुलतभावाला, विजयसिंहाला देतो. बाईमाणसाला हे जमायचं न्हाई, संयोगिता."

"एक वर्ष मीच बघाय लागलेय न्हवं?"

"दाणं टाकणं निराळं आन पाखरू उडवणं निराळं."

"मग उडवून दाखवते. मेच्या कबुतरांच्या स्पर्धेत."

आबांनी तिच्याकडे रोखून बघितलं. "सात तास उडीव. सुटल्यापास्नं उतरंस्तवर सात तास. मग ढाबळ तुझी आन लग्नाचंबी तूच बघ. न्हाई जमलं, तर कागलला होकार कळवायचा, आन परत तोंड वर करून बोलायचं न्हाई."

"ठरलं," संयोगिता म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती गेली तेव्हा मल्लेशनं भुवया स्वच्छ पुसल्या होत्या. चोवीस अंडी एका ट्रेमध्ये मांडलेली, मेणानं घासून गुळगुळीत केलेली. तिनं एक उचललं. हाताला जरा भरदार लागलं... पण मन ठिकाणावर असेल तर ना!

"वजनाला आत शिशाचा मणी घातलाय," तो म्हणाला. "तुमी म्हणलासा न्हवं, हलकी असली की ढकलून देतात."

तेवढं त्यानं लक्षात ठेवलं होतं. संयोगितानं उगीच ट्रेमधली अंडी मोजली. मग परत मोजली.

"चहा घेणार?" त्यानं विचारलं. "म्हणजे... चोवीस मोजायला एवढा वेळ लागतोय म्हणून म्हटलं."

"मी पैला आकडा विसरले."

"पैला एक असतोय बहुतेक."

चहा झाला. मल्लेश गडहिंग्लजकडचा, घरात कानडी. उचगावात बैठं घर, घरात तो आणि त्याची आई, गौराबाई. तो तिला अव्वा म्हणायचा. बोलायला कमी, विचारायला भारी.

"अंड्यावर मादीच बसती सगळा वेळ?"

"छ्या! दोघं वाटून घेतात. सकाळी दहाच्या सुमाराला नर येतो, मादीला उठवतो आन बसतो. चारला मादी परत. रातभर तीच."

"दहा ते चार. सरकारी नोकरी."

"सुट्टी न्हाई खरं. आन पिल्लू झालं की दोघंबी दूध पाजतात. आईबी, बापबी."

"बाप? दूध?"

"गळ्याच्या पिशवीत तयार होतं. आमच्या लॅबमधी आणून फॅट लावायची लई इच्छा हाय माझी." तिनं कप ठेवला. "कोकिळेचं माहीतच हाय, घालती आन विसरती. कमळपक्ष्यात तर आई अंडी घालून चालू पडती, सगळं बापच बघतो. कळंब्याच्या तळ्यावर चला एकदा, दाखवते."

आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं, आणि तिचे कान गरम झाले.

मल्लेश कपाकडे बघत म्हणाला, "आणि माणसात? माणसात कोण बसतं?"

"ते अजून ठरलेलं न्हाई," संयोगिता म्हणाली आणि ट्रे उचलून जवळजवळ पळालीच.

लाकडी अंडी पाखरांना अशी आवडली म्हणता! एकानंही ढकललं नाही. वीस-बावीस दिवस झाले तशी एकेक जोडपं कंटाळून उठलं. अकरा जोडपी उठली. उठला नाही तो एक सुलतान. आणि ढाबळीत सात तास टिकणारा नर होता तो एकटा सुलतानच. बाकीचे पाचाच्या वर जायचे नाहीत.

सरावाला पहाटे सहाला सोडलं की सुलतान आभाळात ठिपका होऊन जायचा. अंगणातून आबा मान वर करून बघायचे. आणि दहा वाजले रे वाजले, की हा पठ्ठ्या पंख मिटून सरळ खाली! ढाबळीत शिरायचा, चांदणीला, म्हणजे त्याच्या मादीला, चोचीनं बाजूला सारायचा आणि अंड्यांवर बसायचा. ड्यूटीची वेळ झाली ना! पंचविसावा दिवस गेला. सव्विसावा गेला. सत्ताविसाव्या दिवशी तर तो सकाळी उडालाच नाही. चांदणीलाही बसू देईना. रात्रंदिवस तोच अंड्यांवर ठाण मांडून, जवळ गेलं की पंखानं फटका.

स्पर्धेला चार दिवस उरले होते. संयोगितानं एक अंडं त्याच्या पोटाखालून ओढून काढलं, ओरखडे घेतले आणि तडक शिरोली गाठली.

"काय करून दिलंय हे? माझा नर उठंना! असलं काय घातलंय ह्यात?"

मल्लेशनं मुकाट्यानं अंडं घेतलं. व्हर्नियर लावला आणि जागच्या जागी बसला.

"त्रेचाळीस मिलिमीटर."

"म्हणजे?"

"तुमचं एकोणचाळीसचं होतं. हे त्रेचाळीस भरतंय." त्यानं ड्रॉवरमधून एक स्टीलची पट्टी काढली आणि कपाळाला हात लावला. "माप बरोबर घेतलं, खरं आखताना हात ह्या पट्टीवर गेला. ही आमची कामाची पट्टी हाय. लोखंड ओतून गार झालं की आकसतं. म्हणून लाकडी पॅटर्न आधीच जरा मोठा करायचा. ह्या पट्टीवरचा सेंटिमीटरच मोठा असतोय. आणि वर मशीनवर छिलायला म्हणून चारी बाजूंनी आणखी थोडं सोडायचं. बारा वर्षांची सवय... मी तुमच्या अंड्यांनाबी आकसायला जागा सोडली."

संयोगिताला हसावं की रडावं कळेना. "मग सुलतानला वाटतंय..."

"आपलं अंडं सगळ्यात मोठं."

ती हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते काही हसण्याचं नव्हतं. मग उभ्या उभ्याच तिनं त्याला सगळं सांगितलं: सात तास, आबा, कागलचे पाहुणे, विजयसिंह.

मल्लेशचा चेहरा उतरला. कागलचं ऐकून जास्तच उतरला, हे तिनं बघून ठेवलं.

"आजच बरोबर मापाची करून देतो."

"आता काय उपेग? अंडी काढली तर तो मादीच्या मागं लागंल. बरोबर मापाची दिली तर परत दहाला खाली येईल."

"म्हणजे सुलतान न्हाईच उडणार." मल्लेश पट्टी हातात फिरवत होता. "मग... चांदणी काय करती? तिला तर तो बसूच देत न्हाई म्हणता."

"ती? ती मोकळीच..." संयोगिता बोलता बोलता थांबली. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे. "दिवसभर मोकळी हाय. महिनाभर अंडं न्हाई घातलं. अंगानं अशी भरलीया..."

"मग झालं की."

"मादी कोण उडवत न्हाई सात तासाला. आबा म्हणतात, मादीचा जीव घरट्यात असतो, दोन तासात उतरती."

"घरटं सांभाळाय कोण असलं तरीबी?"

संयोगितानं ते भलंमोठं लाकडी अंडं त्याच्या हातातून काढून घेतलं. "आण हिकडं. परत त्याच्या पोटाखाली ठेवायचंय." घाईत 'आणा'चं 'आण' झालं होतं. दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

मेच्या पहिल्या रविवारी पहाटे पंच आले. त्यांनी चांदणीच्या पंखावर शिक्का मारला आणि मिशीत हसले. "मादी? बघ बाई, तुझी मर्जी." खाली अंगणात आबांना कळलं तसे ते खुर्चीतून अर्धे उठले. "येडी झालीस काय, पोरी!"

"माझं पाखरू हाय, आबा. एकपर्यंत थांबा, मग बोला."

बरोबर सहाला चांदणी सुटली. एक गिरकी, दोन गिरक्या, आणि वर, वर, नुसता ठिपका. सातला मल्लेश आला. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, हातात अव्वानं दिलेला उप्पिटाचा डबा. गच्चीच्या कोपऱ्यात गुपचूप बसला.

आठ. नऊ. दहाला संयोगितानं जाळीतून आत डोकावलं. ढाबळीत सुलतान अंड्यांवर फुगून बसला होता. वर ठिपका होता तिथंच होता.

अकरा वाजले. बारा. ऊन असं, की गच्चीवर पाय ठरेना. खालून आबांचा आवाज आला, "मला वर घ्या! मला बघायचंय!"

संयोगिता जिन्याकडे धावली, पण मल्लेश तिच्या पुढे होता. त्यानं आबांना सरळ पाठुंगळीला घेतलं आणि एकोणीस पायऱ्या चढून वर आणलं. वर्षानंतर आबा गच्चीवर आले. त्यांनी ढाबळीच्या जाळीवर हात ठेवला. मग डोळे बारीक करून आभाळात बघितलं.

"दमलीया ती," ते म्हणाले. "उतरती आता."

खरंच उतरत होती. साडेबाराला चांदणी शेजारच्या छपरापर्यंत खाली आली. गच्चीवरून एक फेरी मारली, जाळीच्या अगदी जवळून. संयोगितानं मुठी आवळल्या. अजून अर्धा तास. फक्त अर्धा तास, माझी बाई! आतून सुलताननं घुटर्र घूं केलं. जागचा काही हलला नाही. चांदणीनं मान वाकडी करून आत बघितलं, पंख मारले... आणि परत वर गेली.

"आयला," आबा हळूच म्हणाले.

एक वाजला. एक दहा झाले. एक वाजून बावीस मिनिटांनी चांदणी कठड्यावर उतरली. पंचांनी घड्याळ बघितलं, परत बघितलं आणि मिशी सावरून म्हणाले, "सात तास बावीस मिनिटं."

संयोगितानं आबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडली. आबांनी डावा हात तिच्या केसांवर ठेवला. "चुकलो मी. ढाबळ तुझी. कागलला मी कळवतो काय ते." मग मल्लेशकडे बघून विचारलं, "हा कोण पावणा?"

"अंडीवाला," ती नाक पुसत म्हणाली.

त्यानंतर हा अंडीवाला दर रविवारी यायला लागला. कशाला, तर जिन्याला लाकडी कठडा बसवायला. एक कठडा बसवायला माणसाला तीन रविवार लागले! पण आबा आता त्याला धरून रोज सकाळी एकेक पायरी वर चढत होते. चौथ्या रविवारी मात्र तो आला नाही. पाचव्यालाही नाही.

"ईना झाला व्हय तुझा अंडीवाला?" आबांनी विचारलं.

"माझा कशाचा?"

"मला पाय न्हाई, डोळं हाईत. लिंगायताचा हाय म्हणं." आबांनी नव्या कठड्यावरून हात फिरवला. "घरात मटणमच्छी कोण खात न्हाई त्यांच्या. पाखरं सुखरूप ऱ्हातील एवढं खरं."

संयोगितानं परत द्यायच्या निमित्तानं चोवीस अंडी ट्रेमध्ये भरली, गाडीला किक मारली आणि उचगाव गाठलं. आज काय ते विचारायचंच, असं वाटेत तीनदा घोकलं. अव्वा दारातच होती. तिनं पोरीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तूच काय ती कबुतराची? वर हाय तो. दोन आठवडं झालं ठोकत बसलाय. जेवायला सुदीक खाली येत न्हाई."

संयोगिता वर गेली. छपरावर ताज्या सागवानाचा वास होता. बारा खणांची नवी कोरी ढाबळ उभी होती. अकरा खण रिकामे, आणि बाराव्यात एक साधी करडी कबुतरी अंग फुगवून बसलेली. मल्लेशच्या भुवयांवर परत भुसा.

"हे काय?" तिचा आवाज अगदीच बारीक निघाला.

"सांगणारच होतो... आधी पुरं करावं म्हटलं." त्यानं हातोडी खाली ठेवली. "बाजारातनं एक जोडी आणलीया. तिची अंडी उचलली, आणि खाली लाकडी ठेवली. ह्या वेळंला बरोबर एकोणचाळीस, साध्या पट्टीनं. तीन दिवस झाले, दोघं पाळीपाळीनं बसत्यात."

"कशाला पण?"

"तुमची पाखरं हितं आणून ऱ्हाणार न्हाईत, मला ठाऊक हाय. सुलतान-चांदणी जुन्या बुधवारातच ऱ्हातील. आबा हाईत, कठडा हाय, आपण दोघं रोज सकाळी जात जाऊ. खरं त्यांची अंडी... ती ह्या जोडीखाली ठेवली, तर पिल्लं हितं होतील. हितनं पयल्यांदा उडतील. मग ह्या छपराला ती घर म्हणतील." त्यानं श्वास घेतला. "तुमी म्हणला होता, जिथं माझी पाखरं न्हाईत तिथं मी न्हाई. म्हणून म्हटलं, आधी पाखरं... मला दोन अंडी द्या. खरी."

संयोगिताच्या डोळ्यांपुढे ती ढाबळ, तो माणूस, सगळं एकदम धूसर झालं. तिनं ट्रे खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवले.

"दोनच?"

"चांदणी दोनच घालती की."

"एवढी बारा वर्षं काम केलंस आन मागताना आकसायला जागा सोडत न्हाईस? जरा मोठं माग."

मल्लेशनं एकदा कबुतरीकडे बघितलं, एकदा खाली अंगणात, जिथं अव्वा उगीचच तुळशीला तिसऱ्यांदा पाणी घालत होती.

"मग... अंडी, पिल्लं, चोवीसच्या चोवीस खोटी अंडी, आबांचा जिना, आणि तू," तो म्हणाला. "ह्यातलं आकसून जे उरंल ते."

"कायबी आकसणार न्हाई," संयोगिता म्हणाली आणि त्याच्या भुवयांवरचा भुसा तिनं फुंकरीनं उडवला. "चांदणीला परत खरी अंडी घालू देते, ह्या महिन्यात. आबांशी मी बोलते, अव्वाशी तू बोल."

"आणि ते ठरलं काय? माणसात कोण बसतं ते?"

नवा खण हलला. बंद जाळीच्या आतला करडा नर दांडीवरून उतरला, खणात शिरला आणि मादीला चोचीनं हळूच बाजूला सारून बसला. दहा वाजले असणार.

"ठरलं," ती म्हणाली. "दहा ते चार तू."